थांब, काच पुसू दे

"थांब रे भाऊ, काच पुसू दे."

व्हिडिओ गेम लावला की अक्कांचं पहिलं वाक्य हेच. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, लुगड्याचा पदर मुठीत गोळा करायच्या आणि टीव्हीची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत घासून लख्ख करायच्या. त्यानंतरच गेमचा रिमोट हातात. जळगावात धूळ काही कमी नाही, त्यामुळे मला त्यात कधी वावगं दिसलं नाही. उलट दुकानात टीव्ही घ्यायला येणाऱ्यांना मी त्यांचं उदाहरण द्यायचो, की टीव्ही असा सांभाळावा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जळगावात एका टीव्हीच्या दुकानात होतो. विकायचेही आम्हीच आणि दुरुस्त करायचेही आम्हीच. अक्का आमच्या शेजारच्या घरात मुलाकडे राहायच्या. मुलगा सरकारी नोकरीत, सून शिक्षिका; तिला मी वहिनी म्हणायचो. नातू दहावीनंतर शिकायला नाशिकला गेला आणि त्याचा गेम माळ्यावर गेला. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडची दुकानं बंद असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या घरी कूलर नव्हता, त्यांच्याकडे होता. मी शेजारधर्म म्हणून अक्कांची विचारपूस करायला जातो, असं मी आईला सांगत असे. अशाच एका दुपारी अक्कांनी माळ्यावरचं ते खोकं माझ्यापुढे ठेवलं.

"हाई काय शे? चालू करी दे."

मी जोडून दिलं. तिथून पुढे दुकानात आलेली गेमची प्रत्येक नवी कॅसेट आधी अक्कांकडे जायची आणि मग गिऱ्हाइकाकडे. गेमच्या कॅसेटीचं असं पारखून घेणं दुसऱ्या कुठल्या दुकानात होत असेल असं मला वाटत नाही.

अक्का मुळात जळगावच्या नव्हत्याच. भडगावजवळ गिरणेकाठच्या एका खेड्यात त्यांचं घर. यजमान गेले तेव्हा मुलानं घराला कुलूप लावलं आणि आईला घेऊन आला, तेही मायेपोटीच. पण अक्कांना तीन लेकी. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक पोर आखाजीला माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी चालतात. घराला कुलूप लागल्यावर पहिल्या आखाजीला तिघी जळगावला आल्या. सोफ्यावर बसल्या, पुरणपोळी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या एसटीनं निघून गेल्या. त्या गेल्यावर अक्का वर बघून म्हणाल्या, "झोका कोठे बांधू? पंख्याले?"

तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास. पुढच्या आखाजीला गावचं घर उघडायचं आणि लेकींना तिथे बोलवायचं. मुलाला म्हटलं की तो म्हणायचा, "बघू." त्या ‘बघू’मध्ये दुसरी आखाजीही गेली.

मधल्या काळात आमचे खेळ जोरात चालले होते. एकात पाखरं मारायची असत, त्यासाठी प्लास्टिकची बंदूक होती. मला वाटलं, अक्का हळहळतील. कसल्या हळहळतात? "मनी अर्धी जिंदगी ज्वारी राखामा गयी," म्हणाल्या, आणि पदर खोचून बसल्या. प्रत्येक गोळीला तोंडानं असा "होऽऽ" काढायच्या की समोरच्या घरातल्या बाई खिडकीत यायच्या. पाखरू पडल्यापेक्षा ते उडून गेलं तर त्यांना जास्त आनंद व्हायचा. गेममध्ये त्याचे गुण मिळत नाहीत, हे मी समजावून सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही.

वरून विटा पडतात आणि त्या खाली नीट बसवायच्या, तो खेळ त्यांनी पाहताक्षणी ओळखला. "हाई त कडबानी गंजी शे." गंजी रचताना फट राहिली तर काय होतं, हे त्या दर वेळी सांगायच्या. "फट राहिनी का पानी शिरस." माझ्या गंजीत फटीच फटी असायच्या. "तुना बैल उपाशी मरतीन," असं म्हणून त्या माझ्या हातातला रिमोट काढून घ्यायच्या.

रणगाड्यांचा गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. त्यात आपलं एक ठाणं असतं, ते शत्रूपासून वाचवायचं. अक्का जागच्या हलायच्या नाहीत. "तू जाय, मी घर राखस." मी सगळीकडे लढत फिरायचो आणि त्या दारात उभ्या. मी मेलो तरी त्यांचं घर शाबूत असायचं.

मोटारींच्या शर्यतीवर मात्र त्यांचा राग होता. "इतलं पयीसन जास कोठे हाऊ?" म्हणजे इतका पळत हा जातो कुठे? त्या आपली गाडी कडेकडेनं, बैलगाडीच्या चालीनं न्यायच्या आणि दोन्ही बाजूंची शेतं पाहायच्या. शेवटी निकाल लागायचा, "वावरमा काहीच पेरेल नही." माझ्या मते त्या गेमबद्दल याहून खरं कुणी बोललं नसेल.

सगळ्यात लाडका खेळ उड्या मारणाऱ्या गड्याचा. वाटेत खड्डे, खड्ड्यांवरून उडी, पलीकडे पुन्हा खड्डा, आणि मागे सतत एक टुणटुण धून. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अक्का फक्त तोच खेळायला लागल्या. मी नवी कॅसेट आणली की हात झटकायच्या. "आते नवं नको. हाऊच बेस शे." माझा जरा हिरमोड झाला. पण उतारवयात माणसाला एखादी गोष्ट धरून बसावीशी वाटते, असं मी स्वतःला समजावलं. आणि खेळायच्या अशा की बघत राहावं. ताठ बसायच्या, मान किंचित वाकडी, भजनाला बसावं तशी. गडी एकाही खड्ड्यात पडायचा नाही. फक्त काच पुसणं वाढलं होतं. आता खेळ मध्येच थांबवूनही त्या उठायच्या.

त्या हिवाळ्यात एक दिवस त्यांच्या टीव्हीचा स्पीकर फडफड करून गप्प झाला.

"चित्र ठणठणीत आहे, अक्का," मी म्हणालो. "खेळा तुम्ही. स्पीकर उद्या आणतो."

त्यांनी खेळ सुरू केला आणि गडी पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला. मला हसू आलं. त्या उठल्या, काच पुसली, बसल्या. गडी पुन्हा त्याच खड्ड्यात. आता मात्र मला हसू येईना.

मी टीव्हीवाला माणूस. बिघाड चित्रात आहे की आवाजात, हे शोधण्यावर माझं पोट. इथे बिघाड टीव्हीत नव्हताच. अक्का इतके दिवस कानांनी खेळत होत्या. धुनेच्या कुठल्या वळणावर उडी मारायची, ते त्यांनी पाठ केलं होतं. म्हणूनच नवी कॅसेट नको होती. आणि ती काच बिचारी कधीपासून स्वच्छच होती.

"अक्का, तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "आंडोरले सांगू नको," म्हणाल्या. आंडोर म्हणजे मुलगा. "तो मंग माले गावले जाऊ देवाव नही."

मी म्हणालो, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन होतं, हल्ली सगळे करतात. त्यांनी मान हलवली. "मनी जेठानीना डोया ऑपरेशनमाच गया." त्यांच्या जावेची ती कथा खूप जुनी होती, पण भीती ताजी होती. मग त्या मलाच धीर देऊ लागल्या. गावच्या घरात दिसायची गरज काय? चूल कुठे, रांजण कुठे, उंबरा कुठे, हातांना सगळं माहीत आहे.

"कानांनाही सगळं माहीत होतं," मी म्हणालो. "स्पीकर गेला तर काय झालं?"

मला वाटलं, फार लागेल असं बोललो. दुसऱ्या दिवशी स्पीकर घेऊन गेलो तर म्हणाल्या, "नको बसाडू." पुढचे कितीतरी दिवस त्या आवाजाशिवाय खेळल्या. रोज बसायच्या, रोज गडी खड्ड्यात पडायचा. मी शेजारी बसून पाहायचो. त्या स्वतःची परीक्षा घेत होत्या आणि स्वतःला जराही सूट देत नव्हत्या.

एका रात्री जेवताना त्यांनी मुलाला सांगून टाकलं. वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी ऐकवलं ते असं: "मोतीबिंदू काढाना शे. आनि आखाजीले घर उघडानं शे." दोन्ही एका दमात. मुलाचा घास हातातच राहिला. "आधी डोळ्यांचं तर होऊ दे, आई," तो म्हणाला. त्यावर वहिनी म्हणाल्या, "दोन्ही होऊ दे." वहिनींबद्दल माझं मत त्या दिवसापासून फार चांगलं आहे.

ऑपरेशनला नेताना अक्कांनी वहिनींचा हात असा धरला होता की बांगड्यांचे वळ उठले. एक डोळा झाला, सुधारला, मग दुसरा झाला. हिरवी पट्टी, काळा चष्मा, वाकायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही. चष्मा निघाला तसं घरातल्यांचं काही खरं राहिलं नाही. त्यांना छताची जाळी दिसली, दुधाच्या पातेल्याचं करपलेलं बूड दिसलं. मलाही त्यांनी नीट न्याहाळलं. "भाऊ, तू इतला वायेल शे? जेवस का नही?" वायेल म्हणजे वाळलेला. दोन वर्षं मी त्यांच्या मनात चांगला धडधाकट होतो.

डॉक्टरांनी टीव्हीची परवानगी दिली त्या दुपारी मी नवा स्पीकर बसवून टाकला. अक्का सवयीनं उठल्या. पदर मुठीत घेतला, काचेपर्यंत हात नेला आणि थांबल्या.

"पुसाले काही नही," म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. त्यांनी एकही बटण दाबलं नाही. "आभाय निळं शे का रे?" त्यांना ते आजवर वैशाखातल्या वावटळीसारखं मातकट वाटत आलं होतं. वर पांढरे ढग होते, ते मीही कधी पाहिले नव्हते. आम्ही दोघं ते ढग पाहत बसलो. वेळ संपली आणि गडी उभ्या उभ्या मेला.

"मरू दे," अक्का म्हणाल्या. "परत येस तो."

आखाजीच्या आधी त्या गावी गेल्या. सणाला मलाही बोलावणं होतं. मी पोचलो तेव्हा घराचं दार सताड उघडं, अंगण सारवलेलं आणि निंबाला दोराचा झोका. तिन्ही लेकी आळीपाळीनं झोका घेत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. अक्का बुंध्याशी उभ्या राहून कुणाची वेणी सुटली, कुणाचा पदर अडकेल, ते दुरूनच सांगत होत्या. मला पाहून त्यांनी लांबूनच हाक मारली. मी कोण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला तिथे रडू आलं, आणि ते लपवायला मी रांजणाकडे पाणी प्यायला गेलो.

त्यानंतर अक्का जळगावला आल्या त्या पाहुण्या म्हणूनच. आणखी बऱ्याच आखाज्या त्यांनी लेकींना झोक्यावर पाहिलं. त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. गावच्या घराचं दार आखाजीला लेकी अजून उघडतात.

परवा मी मोबाइलची काच शर्टानं पुसत होतो. बायको म्हणाली, "किती वेळा पुसाल? स्वच्छ तर आहे."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नाव लावलं. भीती वाटत नाही असं नाही. त्या संध्याकाळी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि मला किती दिसतं, ते खरं खरं पाहत बसलो.