सुभेदारांची लेखी परवानगी

आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांइतका कायदा मानणारा माणूस अख्ख्या साताऱ्यात नव्हता. पंचाईत एवढीच, की तो कायदा रोमचा होता. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक बगलेत मारून ते रोज सकाळी चर्चला निघत, आणि रविवारची प्रार्थना संपली की पलटणीची हजेरी घ्यावी तशी तिथल्या जुन्या वस्तूंची मोजणी करत. ‘मेणबत्त्यांची पितळी शमादानं दोन, पैकी एक वाकडं’ अशा नोंदींनी त्यांची वही भरलेली असे. घंटेची दोरी बदलायची म्हटलं तरी लेखी परवानगी हवी, म्हणून ते एकदा अडून बसले. तरुण फादर कळवळून म्हणाले, “सुभेदार, दोरी आहे हो ती!”

“आज दोरी, उद्या घंटा,” सुभेदार म्हणाले.

चर्चमधली मारियामातेची लाकडी मूर्ती फार जुनी. रंग उडालेला, उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. कुणा भाविकानं नवी चकचकीत फायबरची मूर्ती देऊ केली आणि जुनी विकत न्यायला पुण्याचा एक व्यापारी टेम्पो घेऊनच हजर झाला. सुभेदार मूर्तीसमोर सावधान उभे राहिले. “आवं फादर, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिला हात जोडलं, ती रोमला इचारल्याबिगर इकता येत न्हाई. कलम हाय!” फादरांनी कलम वाचलं, कपाळाला हात लावला, आणि टेम्पो रिकामाच परत गेला.

मग दुरुस्तीसाठी सुभेदारांनीच मिरजेहून सतारी घडवणारे एक चाचा शोधून आणले. चाचांनी मूर्ती निरखून पटाशी काढली, तोच सुभेदार गरजले, “थांबा! आज निस्तं बगायचं. बिशपांचं पत्र यायचं हाय.” चाचा बिचारे चहा पिऊन परतले. दोन महिन्यांनी पत्र आलं, चाचा पुन्हा आले, आणि त्यांनी बोटं अशी बसवली की सांधा शोधून सापडेना.

त्या संध्याकाळी मी विचारलं, “एका मूर्तीसाठी एवढा खटाटोप?”

सुभेदारांनी वही मिटून बगलेत धरली. म्हणाले, “सर, मी सरहद्दीवर असताना आमची मंडळी रोज हिच्यापुढं येऊन बसायची. काय बोलायची, मला कवा सांगितलं न्हाई. आता तीबी न्हाई. तिचं सगळं ऐकल्यालं एवढं एकच माणूस उरलंय बगा.”

गेल्या वर्षी सुभेदारही गेले. मी काही ख्रिस्ती नाही. पण त्या बाजूला गेलो की आत डोकावतो, मागच्या बाकावर घटकाभर टेकतो. हल्ली माझंही तिथं काहीबाही बोलून होतं.