सुरीनामच्या लग्नात सुकवारोबाई

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोला सांगितली, तीही निवृत्त झाल्यावर. सव्वा महिन्यापूर्वी सकाळी सुकवारोबाईंच्या नातीचा, सरिताचा फोन आला. "बबा, दाई चल दिस..." आजी गेली, एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि लक्षात आलं, जिच्यापासून मी तोंड लपवत होतो ती बाईच आता राहिली नाही.

पस्तीस एक वर्षांपूर्वी मी रायपुरात लोककलावंतांच्या चाचण्या घेणाऱ्या एका सरकारी कार्यालयात होतो. आमचं घर ब्राह्मणपाऱ्यातलं, कानावर भजनं आणि नाट्यपदं. छत्तीसगढी गाणं मी नोकरीमुळे ऐकायला शिकलो, पण अधिकारी म्हणून, मांडी घालून नव्हे. त्या दिवशी सुकवारोबाई आल्या त्या शेतातून आल्यासारख्या, पदर कमरेला खोचलेला. "काय गाणार?" विचारलं तर म्हणाल्या, "भडौनी." भडौनी म्हणजे लग्नात नवरीकडच्या बायकांनी वरपक्षाच्या पुरुषांना गाण्यातून घातलेल्या शिव्या. जिच्या तोंडी जितकी तिखट ओळ, तितकी ती बाई मोठी. आणि ज्याच्यावर गाणं रचलं जातं तो मानाचा पाहुणा. त्याने हसायचं आणि गाणारीला लुगडं द्यायचं. हे मला कागदावर माहीत होतं. पण समोर वरपक्ष नव्हता, म्हणून बाईंनी आम्हा तिघा परीक्षकांवर नजर फिरवली, माझ्यावर थांबवली आणि तिथल्या तिथे ओळ रचली: "साहेब के पेट ह पहिली आथे, साहेब ह पाछू आथे..." आधी पोट येतं, मग साहेब येतो! काय आवाज होता तो... शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा, शेवटच्या अक्षराला एकदम वर उडणारा. बाकीचे दोघे पोट धरून हसले. चहावालाही हसला. मी शेरा लिहिला, "अशिष्ट. अनुत्तीर्ण."

नापासांच्या टेपा पुसून टाकायच्या असा नियम होता. ती टेप मी पुसली नाही. घरी आणली आणि दार लावून ऐकत राहिलो. का, ते तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं.

काही वर्षांनी सुरीनामहून हरिदत्त नावाचे एक शाळामास्तर आले. त्यांची पणजी इकडूनच कुठून तरी बोटीने तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गेलेली. ती गायची ती गाणी घरात कोणालाच आठवत नव्हती, ती शोधत ते गावोगाव फिरत होते. मी त्यांना ती टेप ऐकवली. पहिल्याच ओळीला गृहस्थ रडायला लागले. मी प्रत करून दिली. गायिकेचं नाव विचारलं तेव्हा मात्र म्हणालो, "पारंपरिक आहे. गायिका अज्ञात." नाव सांगितलं असतं तर ते बाईंना भेटले असते, आणि माझा शेरा बाहेर आला असता.

पुढे जे झालं ते हरिदत्तांच्या मुलीने, सुनीताने, गेल्या वर्षी मला शोधून काढून कळवलं. टेप आधी त्यांच्या घरच्या लग्नात वाजली. मग बायकांनी ती पाठ केली, त्यातली शब्दांची गंमत आजीबाईंना विचारून विचारून जुळवली. आता तिथे नवरदेवाच्या बापाच्या पोटावर ही ओळ म्हटल्याशिवाय मांडवात जेवण वाढत नाहीत म्हणे! तरुण पोरांच्या बँडांनी ढोलावर ती चाल घेतली, शेवटच्या अक्षराची ती उडी घेतली. शेजारचे आफ्रिकी, जावा बेटाकडचे लोकही आपल्या लग्नांत त्यावर नाचतात. सुनीताने व्हिडिओ पाठवला. शंभरेक बायका, अनोळखी चेहरे, अनोळखी झाडं, आणि सुकवारोबाईंचा गळा प्रत्येकीच्या गळ्यात. मी आणि बायको शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये तो पाहत बसलो. बायको म्हणाली, "जाऊन सांगून काहून नाही देत तिले? आता तर तुमचं पोटही नाही राहिलं, कायचा राग धरून राहिले?"

गेलो. नवा रायपुरच्या रुंद रस्त्यांमागे बाईंचं गाव अजून तग धरून आहे. त्या अंगणात शेंगा सोलत होत्या. सुरीनामच्या लग्नांचं सांगून मी तो व्हिडिओ लावला. त्यांनी फोन कानाशी धरला, दोन ओळी ऐकल्या आणि टाळी दिली. "ये तो तोर पेट आय, साहेब!" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "अउ पेट कहाँ गिस?" दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी, तिकडे आपलं नाव माहीत आहे का, ते विचारलं, "उहाँ मोर नाव ला जानथें?"

मी म्हणालो, "हव, जानथें."

बाईंचा चेहरा असा उजळला... लगेच शेजारणीला हाक मारून सांगितलं. त्या आनंदापुढे खरं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येताच सुनीताला सगळं लिहिलं, शेऱ्यासकट. आठवड्यात तिचं उत्तर आलं. एका मोठ्या मेळ्यात तिने व्यासपीठावरून नाव जाहीर केलं होतं आणि हजारो लोकांनी ढोलाच्या ठेक्यावर ते नाव उचललं होतं, "सुकवारो! सुकवारो!" खोटं बोललो होतो ते खरं झालं. हे रेकॉर्डिंग घेऊन जायचं आणि कबूल करायचं ठरवलं. पण आज ऊन, उद्या गुडघा, असं करत पंधरा दिवस काढले. मग सरिताचा फोन आला.

दशगात्राला, म्हणजे दहाव्याला, गेलो. विधी आटोपल्यावर अंगणात ते रेकॉर्डिंग लावलं. सात समुद्रांपलीकडचे लोक आपल्या सुकवारोचं नाव घेताहेत हे ऐकून गावच्या बायकांपैकी एकीने ओळ उचलली, मग सगळ्यांनी. दुःखाच्या घरात भडौनी! पण कोणी थांबवलं नाही. सरिता म्हणाली, "दाई तो सबला बताय रिहिस, बबा. साहेब मोर नाव ला परदेस पहुँचाइस कहिके." साहेबाने माझं नाव परदेशी पोचवलं, असं आजी सगळ्यांना सांगत होती! मी मान खाली घातली.

दशगात्राला जाताना ऑटोत मी कबुलीचं वाक्य जुळवत होतो. मराठीत नको, हिंदीत नको, बाईंच्याच बोलीत. अंगणात ते बोललोच नाही, नाव लपवल्याचं ते वाक्य असं होतं:

"बाई, तैं पास रहे. तोर नाव मैं लुकाय रहेंव. मोला माफी दे..."