निरोगी गटातली ट्यूब

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, मोठ्या डॉक्टरबाईसुद्धा. रक्त घ्यायला ताई असली की भलेभले घाबरट मुकाट्याने बाही वर करत. अपवाद तेवढा तिच्या धाकट्या भावाचा. इमारती रंगवताना दोरावर बिनधास्त लोंबकळणारा हा गडी सुई दिसली की पांढराफटक पडायचा.

यकृताचा कॅन्सर गाठ दिसण्याआधीच रक्तातल्या बारीक खुणांवरून ओळखता येतो का, हे डॉक्टरबाई शोधत होत्या. त्यासाठी आजाऱ्यांचं रक्त हवं आणि तुलनेला धडधाकट माणसांचंही. आजारी हवे तितके मिळाले. धडधाकटांना कुठली आलीय फुरसत. मग कर्मचाऱ्यांनी आपापली माणसं आणली. ताईने भावाला अक्षरशः ओढत आणलं. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, याच्याहून निरोगी कोण मिळणार?

ट्यूबवर नुसता आकडा असायचा, नावं बाईंच्या कपाटात कुलूपबंद. निरोगी गटातल्या एका ट्यूबमधल्या खुणा पार आजाऱ्यांच्याही वर गेल्या. फेरतपासणीत तेच. ट्यूबांची अदलाबदल झाली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. लेबलं ताईने लावलेली, तेव्हा बोट तिच्याकडेच. तिच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती, पण सगळेच म्हणतात म्हटल्यावर तिलाही ते पटलं. "माझीच गफलत असेल," ती ओशाळून म्हणाली आणि तिने आपल्या हाताने ती ट्यूब बाद केली. कपाट उघडून नाव तरी बघू, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. धडधाकट दिसणारा माणूस आतून आजारी असू शकतो, हेच तर शोधायला बसले होते ना सगळे?

वर्षभरात भावाला त्याचे कपडे सैल व्हायला लागले, मग पोट फुगलं. सोनोग्राफीत दिसलेली गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली होती. ताईने हट्टाने कपाट उघडायला लावलं. आकडा त्याचाच निघाला. ताईला रडूही फुटेना.

त्याला खरं सांगायचंच, असं ठरवून ती त्याच्या घरी गेली. आपला राग करत तो गेला तर काय, या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. तो उशांना टेकून बसला होता, भावजय त्याचे पाय चेपत होती.

"ये ताई. हिला जरा समजाव. पोट दुखत होतं तेव्हाच दाखवायला हवं होतं म्हणते."

"मग? किती वेळा सांगितलं मी," भावजय डोळे पुसत म्हणाली. "पण यांचं एकच. ताईने रक्त तपासलंय, काही असतं तर तिने सांगितलं नसतं का. आता सांगा, त्या तपासणीत हे दिसलं कसं नाही?"

"मग खरंच आहे ते. तेव्हा काही नव्हतंच. हो ना गं ताई?"

दोघंही तिच्याकडे बघत होती. ताईने त्याचा हात हातात घेतला. सगळं ओठांवर आलं होतं.

"हो रे," ती म्हणाली. "असतं तर सांगितलं असतं."

"बघ," तो बायकोला म्हणाला. "आणि तू माझ्या ताईला बोल लावत होतीस."