दारव्ह्याच्या जिनातले वामनराव

माझ्या लग्नात सारा मांडव अक्षता घेऊन उभा होता आणि वामनराव भट्टीपाशी आचाऱ्याशी वाद घालत होते. आग लागली तर वाळू कुठे आहे, हा त्यांचा सवाल. आचारी वैतागला, सासरेबुवा वैतागले, मंगलाष्टकं खोळंबली. शेवटी माझा मामा घमेलंभर वाळू घेऊन आला तेव्हा कुठे हे गृहस्थ मोकळे झाले. वर मलाच म्हणाले, "लगन घटकाभर उशिरा लागलं तं काय बिघडते? मांडव पेटला असता तं कोठी बसला असता तू?"

दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनात ते टाइमकीपर होते आणि मी शेजारच्या टेबलावरचा कारकून, म्हणजे हा ताप मला रोजचाच. साठीच्या दशकात कारखान्यांतले अपघात टाळण्यासाठी एक देशव्यापी संस्था निघाली. ती बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि आमचं नशीबच फुटलं. शेठजींचं डोकं खाऊन त्यांनी जिनाला सभासद करून घेतलं. मग तिकडून चित्रं आली. डोक्यावर टोप, पायात बूट घातलेला एक गोरापान माणूस बोट उगारून उभा. रेच्यांवर बसून कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या बायांनी, हा कोणाचा जावई, असं विचारलं आणि दिवसभर हसल्या. वामनराव हसले नाहीत. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर पदर घट्ट खोचलेली एक बाई काढली. ती बाई आहे की सरकीचं पोतं, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

पण खरी अडचण पदराचीच होती. रेचे फिरवणारे पट्टे बायांच्या पाठीशीच पळत. एरवी त्या पदर खोचून बसायच्या. शेठजी फेरीला आले की मात्र साऱ्याजणी खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेत. मालकासमोर उघड्या डोक्यानं बसायचं कसं? मग सुटलेलं टोक पट्ट्याच्या वाऱ्यावर उडत राही. दुसऱ्या एका जिनात एका बाईचा पदर असाच ओढला गेला होता आणि ती वाचली नव्हती. तेव्हापासून वामनरावांचं एकच पालुपद: "मशीनले मान समजत नाही, बावा."

शेवटी त्यांनी इंजिनवाल्या रहीमभाईंना फितवलं. शेठजी फाटकात दिसले की इंजिन बंद, फेरी संपली की चालू. ते धूड पुन्हा सुरू करताना रहीमभाईंचा घाम निघायचा, काम तुंबायचं आणि बोलणी मला बसायची. एके दिवशी शेठजींना सगळा उलगडा झाला. ऐन हंगाम, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, इंजिन आत्ता लावा, नाहीतर वामनराव, तुम्ही घरी जा.

"जातो," वामनराव म्हणाले. "पण बायांनी पदर खोचल्याबिगर इंजिन लावू नका."

आणि छत्री उचलून खरंच निघाले. घरात लग्नाच्या दोन पोरी आणि माणसाचा हा ताठा. मला असा संताप आला की मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

शेठजी तिथेच उभे राहिले. रहीमभाईंनी चाकाला हात लावला, पण फिरवायला त्यांचं मन होईना. तेव्हा पहिल्या रेच्यावरची गंगाबाई उठली. आजवर तिचे केस जिनातल्या कुठल्या पुरुषाला दिसले नव्हते. तिनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि म्हणाली, "शेठजी, तुमी उभे राहसान तं आमाले असंच बसा लागन."

शेठजींचीच मान खाली गेली. ते बाहेर पडले आणि पुढे इंजिन चालू असताना कधी आत आले नाहीत.

मी धावत जाऊन वामनरावांना मोटारस्टँडच्या रस्त्यावर गाठलं. धापा टाकत सारं सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस खूश होईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बाकीच्या बायांनी खोचला काय?"

ते मी पाहिलंच नव्हतं.

"मंग कायले धावत आला?" असं माझ्यावरच खेकसून ते उलट्या पावली जिनाकडे निघाले. आपली नोकरी गेली आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ते रिटायर होईपर्यंत शेठजींनीही त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.