पत्र्यावरचा थोरला

ये गं, अशी जवळ सरक. कागदावर बोलायलेय मी, पण तू समज की माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस. आधी जरा रागं भरू दे मला. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, बारशाला वरवंटा कुठून आणू? आमच्या घरात मिक्सर हाय." आणि वर हसलीस. मग मिक्सरलाच न्हाऊ घाल, त्यालाच टोपडं बांध, आणि निजव पाळण्यात!

अगं, लेकराच्या आधी पाळण्यात दगड निजवायचा असतो. त्याला न्हाऊ घालायचं, टोपडं घालायचं, पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचा, आणि मग लेकरू. दगडासारखं टणक राहावं म्हणून. तो लेकराचा थोरला भाऊ. तुझ्या बापाचाही असा एक थोरला हाय. आणि त्याच्यापायी एकदा आपलं आळंदचं घर उघडं पडलं होतं. तुला हे कुणी सांगितलं न्हाई, कारण सांगणारी मी एकटीच राहिलेय.

निजाम जाऊन दोन-तीन वरसं झाली असतील. आमच्या गल्लीत सगळी धाब्याची घरं, मातीच्या छताची. सासऱ्यांच्या मनात आलं, आपल्याला पत्र्याचं घर पायजे. तुरीचे पैसे आले तसे गुलबर्ग्याला गेले आणि गाडीभर पत्रे घेऊन आले. गल्लीतल्या बायकांना तेवढंच पायजे होतं. सासूबाईंना म्हणायच्या, "अक्का, आता चूल कशाला पेटवतीस? भाकरी पत्र्यावर थाप, खाली पडेपर्यंत भाजून निघंल." सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि अंगणात खाट टाकून आपल्या पत्र्याकडं बघत बसायचे. नव्या नवरीकडं कुणी बघत नसंल तसं.

पण शेवटच्या खोलीवर खिळे कमी पडले. "पुढच्या खेपेला आणतो," म्हणाले, आणि तोवर कडेच्या दोन पत्र्यांवर ओढ्यातले काळे दगड नेऊन ठेवले. ती खोली बाळंतिणीची. माझी.

आता हे सांगायला मला अजून जड जातं. तुझ्या बापाच्या आधी मला एक लेकरू झालं होतं. पहिलं म्हणून माहेरी, कडगंचीला. ते महिन्याचं होऊन गेलं. बारशाच्या दिवशी पाळण्यात घातलेला वरवंटा टवका गेलेला होता. मी बघितलं होतं आणि बोलले नव्हते. त्यामुळंच गेलं असं आता मी म्हणणार न्हाई, लेकरं जायची तेव्हा. पण अठरा-एकोणीस वरसाच्या पोरीला कोण समजावणार?

म्हणून तुझा बाप झाला तेव्हा मी हट्ट धरला, अख्खा दगड पायजे. घरातला वरवंटा खोबरं फोडून-फोडून एका बाजूनं गेलेला. बारशाला बायका यायला लागल्या, सासरे त्या दिवशी गुलबर्ग्याला. मी तुझ्या आजोबाला म्हणलं, "वर जा, आणि सगळ्यात गुळगुळीत असंल तो काढून आणा."

"अप्पाला कळलं तर?"

"लगेच ठेवा की परत."

त्यानं आणला. काय दगड होता गं! काळा, गोल, कुठं ओरखडा न्हाई. पण बारसं झाल्यावर तो परत वर ठेवायला माझी सासूच देईना. "थोरला भाऊ हाय लेकराचा. त्याला उन्हात बसवता व्हय?" टोपड्यासकट त्याला माझ्या खोलीतल्या कोनाड्यात बसवलं. मला तेच पायजे होतं. रोज लेकराला न्हाऊ घातलं की माझी नजर आधी कोनाड्याकडं जायची. तो हाय तर हे हाय, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

वैशाखात माझ्या भावाचं लग्न निघालं. घराला कुलूप लावून आम्ही सगळे कडगंचीला गेलो. अक्षता पडल्या त्या दिवशी दुपार ढळताना आभाळ तांबडं झालं आणि वादळ सुटलं. मांडव गेला, पत्रावळ्या गेल्या, नवरदेवाचा फेटा बाभळीवर. आम्ही गोठ्यात बैलांच्या मधे उभं राहून हसायलोय. मला काय म्हाईत तिकडं काय चाललंय!

दुसऱ्या दिवशी आळंदकडून आलेला एक तेली सासऱ्यांना म्हणाला, "अप्पा, तुमचं घर गेलं बघा."

"कुठं गेलं?"

"उडून गेलं म्हनायलेत."

गाडी जुंपली. वाटभर झाडं आडवी, आंब्याच्या कैऱ्यांचा सडा. सासूबाई दर झाडाला "अगं बाई" म्हणायच्या. तुझे आजोबा बैलांच्या शेपटीकडं बघत गाडी हाकायले होते, आणि मी लेकरू पोटाशी धरून मागं बसलेली. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, कुठला पत्रा गेला असणार.

गल्लीच्या तोंडाशीच समोरच्या घरची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "या अप्पा. तुमचा पत्रा कालपासून आमच्या लिंबावर येऊन बसलाय. दाणापाणी टाकू का त्याला?"

घर उडालं नव्हतं. खिळे मारलेले पत्रे जागच्या जागी होते. माझ्या खोलीवरून मात्र आभाळ दिसत होतं. एक पत्रा लिंबावर, एक उकिरड्यावर दुमडून पडलेला. खोलीत घोटाभर चिखल. भिंतीचा वरचा थर खचून पाळण्यावर पडलेला, पाळण्याची एक दोरी तुटलेली. लेकरू त्या दिवशी त्यात असतं तर? गाडग्यातली बियाण्याची तूर भिजून टच्च फुगलेली.

सासरे शिडी लावून भिंतीवर चढले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग वरूनच म्हणाले, "इथला दगड कुणी काढला?"

तुझ्या आजोबानं घसा खाकरला. मला कळलं, हा आता आपल्यावर घेणार. लग्नाला तीन वरसं झाली होती, पण सासऱ्यांसमोर मी तोंड उघडलं नव्हतं. काय पायजे ते दाराआडून सासूबाईंना सांगायचं. त्या दिवशी मी अंगणात गेले, पदर पुढं ओढला आणि वर बघून म्हणलं, "मामा, मी काढायला लावला. बारशाला. टवका गेलेला नको म्हणून."

सासूबाई मधेच, "आणि ठेवू दिला न्हाई ते मी. बोलायचं असंल तर मला बोला."

सासरे खाली उतरले. मला वाटलं, आता माझ्या माहेराचा उद्धार होणार. त्यांनी विचारलं, "कुठाय तो?"

मी चिखलातून आत गेले. कोनाड्यात तो तसाच बसला होता, ओलं टोपडं डोळ्यांवर आलेलं. मी उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोपडं काढलं, पिळलं, झटकलं, आणि दगडालाच म्हणाले, "लेका, घर उघडं टाकून टोपडं घालून बसलास व्हय? थोरला ना तू?"

तुझे आजोबा हसले. सासूबाई हसल्या. मला हसू येईना, रडू आलं. मी म्हणलं, "मामा, त्याला वर नका ठेवू. लेकराला काय झालं तर..."

पहिल्या लेकराबद्दल त्या माणसानं माझ्यापाशी कधी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशीही काढला न्हाई. एवढंच म्हणाले, "पोरी, कोनाड्यात बसून त्याला काय दिसतंय? वर बसला तर पाळण्यावर नजर राहील. पत्रा हलला न्हाई म्हंजे लेकरू बी कोरडं राहील. थोरल्यानं घर धरायचं असतं."

दुसऱ्या दिवशी लिंबावरचा पत्रा उतरवला. उकिरड्यावरचा ठोकून सरळ केला, तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला. सासूबाईंनी दगडाला हळद-कुंकू लावलं, विभूती लावली, आणि सासऱ्यांनी त्याला स्वतः वर नेऊन बसवलं. भिजलेली तूर काय करणार? मोठ्या हंड्यात शिजवली आणि गल्लीला वाढली. समोरची म्हातारी दोनदा मागून खाऊन म्हणाली, "अप्पा, पुढच्या वादळाला गहू भिजवा."

सासरे मिरगाच्या आत गुलबर्ग्याहून खिळे घेऊन आले आणि पक्के ठोकले. तरी दगड काढला न्हाई. तेव्हापासून घरात रीत पडली. बारसं असलं की थोरल्याला खाली आणायचं, न्हाऊ घालायचं, पाळण्यात निजवायचं, आणि दिवस मावळायच्या आत परत वर. तुझा काका, तुझी आत्या, तू, सगळ्यांच्या आधी तो निजलाय पाळण्यात.

आता पत्रे गेले, स्लॅब झाला. वर उडण्यासारखं काही न्हाई, तरी तो वरच बसतो, माझ्या खोलीच्या बरोबर डोक्यावर. मला आता जिना चढवत न्हाई. खालूनच विचारते, काय रे, बरा हायस ना?

तेव्हा तू दुकानात वरवंटा शोधत फिरू नको. त्याला पोस्टानं पाठवता येत न्हाई, आणि तो घर सोडून यायचा बी न्हाई. तूच ये. लेकराला घेऊन ये, लवकर ये, ऊन वाढायच्या आत. वर जाऊन त्याला तूच उतरव. टोपडी मी शिवून ठेवलीत, दोन. एक लहान, एक त्याच्या मापाचं.