घटस्फोटवाल्या बाई

समोरचं माणूस रडायला लागलं की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवत. “आता मला काही दिसत नाय,” त्या म्हणत, “सावकाश रडा. घाई नाय.”

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात तुम्ही कधी बसला असाल, तर अशी एखादी वकीलबाई पाहिली असेल. काळा कोट, पांढरी साडी, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. मी त्यांची ज्युनिअर. गावभर त्यांना ‘घटस्फोटवाल्या बाई’ म्हणत आणि त्याचा त्यांना भारी राग येई.

“अगं, दत्तकाचे कागद कोण करून देतं? पोरक्या लेकराला पालक कोण मिळवून देतं? पोटगी, विधवेचा वारसाहक्क, सगळं आपणच बघतो ना? अन् नाव काय, तर संसार मोडणारी!”

एकदा बजाजनगरची एक तरुणी आली. नवरा वाळूजला कंपनीत. वेगळं व्हायचं, यावर दोघांचं एकमत होतं. वाद होता तो पहिलीतल्या लेकीचा. आई म्हणे, ताबा माझा आणि बापानं तोंडही दाखवायचं नाही. बाप म्हणे, मग मी सही करत नाही.

कोर्टानं बापलेकीची भेट ठरवली, तिथल्याच मुलांच्या खोलीत, समुपदेशकांसमोर. बाप पेरू घेऊन आला. पोरगी आईच्या ओढणीला जी चिकटली, ती सुटेचना.

“बघा,” आई जिंकल्यासारखी म्हणाली, “तिलाच नकोय.”

बाई उठल्या. “तू चल बाहेर. ती तुझ्या तोंडाकडं बघून बसलीये. तू इथं असलीस तर तिला हसायची चोरी.”

“तुम्ही माझ्या वकील हायत का त्याच्या?”

“तुझीच. उद्या मोठी झाल्यावर ‘माझा बाप का तोडलास’ असं ती तुलाच विचारील, त्याला नाय. म्हणून सांगते.”

बाहेर बाकावर ती दगडासारखी बसली. “मी दुसरा वकील बघते,” म्हणाली.

“बघ की. चांगली नावं देते.”

बाईंनी खरंच डायरीतलं पान फाडून नावं लिहायला घेतली. मग आतून पोरीचं खिदळणं ऐकू आलं. दाराच्या काचेतून पाहिलं, तर बाप डोक्यावर पेरू तोलत खोलीभर चालत होता आणि पोरगी टाळ्या पिटत मागं पळत होती.

“घरी पण असंच करायचा,” आई म्हणाली, आणि तिला लई रडू आलं. बाईंचा चष्मा तोवर कोटाच्या खिशात गेला होता.

दोघं परस्परसंमतीनं वेगळे झाले. लेक आईकडं, एकाआड एक रविवार आणि निम्मी सुट्टी बापाकडं. सुरुवातीचे रविवार जड गेले. पुढं आई स्वतःच लेकीची पिशवी भरून द्यायला लागली. दिवाळीत फराळ घेऊन आली, तेव्हा लेक कुठं आहे असं विचारल्यावर “गेली बापाकडं, नाचत,” असं सहज म्हणाली.

बाईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. साठी उलटल्यावर एक दिवस म्हणाल्या, “सोमवारी मोकळी राहा. साक्षीदार म्हणून यायचंय.”

“कोणत्या केसमध्ये?”

“माझ्या.”

चिकलठाण्याचे एक निवृत्त मास्तर, विधुर. नोंदणी पद्धतीनं लग्न. कुणाची हरकत असेल तर कळवावी, अशी नोटीस कार्यालयातल्या फळ्यावर महिनाभर लागली होती, बाई ती येता-जाता वाचून यायच्या. “हरकत घ्यायला एकसुद्धा माणूस आलं नाय गं,” त्या म्हणाल्या. जरा नाराजच वाटल्या मला.

हजारो लोकांना ‘इथं सही करा’ म्हणणाऱ्या बाईंनी त्या सोमवारी विचारलं, “सही कुठं करायची?” मास्तरांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

त्यांनी वकिली थांबवली, आता केसेस मी बघते. ते दोघं पैठणला राहायला गेले, तेव्हा मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले होते. गाडी हलली तरी खिडकीची जागा कुणाची यावर त्यांचं भांडण चालूच होतं. मास्तर मुद्द्यावर मुद्दे मांडत होते, आणि आमच्या बाई, कधी नव्हे त्या, हसत हसत हरत होत्या.