नळीतला रवा

घरी बिअर करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. दुकानात दहा मिनिटांत मिळणाऱ्या वस्तूसाठी हे लोक सहा तास खपतात, ती महिनाभर तळघरात ठेवतात आणि शेवटी पाहुण्याच्या हातात ग्लास देऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. पाहुणा बिचारा काय बोलणार? माझे होणारे व्याही या जमातीतले. अमेरिकन, निवृत्त शाळामास्तर, आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावापासून गाडीने चाळीस मिनिटांवर राहणारे.

मुलीच्या लग्नात मला काही कामच नव्हतं. हॉल, जेवण, फुलं, सगळं तिने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने लॅपटॉपवर ठरवून टाकलं. मी काही विचारलं की उत्तर एकच: "बाबा, वुई गॉट इट." मग व्याह्यांनी जाहीर केलं की लग्नाची बिअर ते स्वतः करणार, फक्त त्यांचं तांब्याचं वेटोळं फुटलंय. वेटोळं म्हणजे नळीची मोठी स्प्रिंग. बिअरचं पाणी उकळून झालं की ती त्यात बुडवायची आणि नळीतून नळाचं थंड पाणी सोडायचं, म्हणजे पातेलं पटकन निवतं. वापरल्यावर नळी रिकामी करून ठेवायला हवी, हे मास्तरांना सुचलं नव्हतं. मिशिगनच्या हिवाळ्यात आतल्या पाण्याचा बर्फ झाला आणि तांबं चिरलं. मी म्हटलं, स्टीलचं मी करून देतो. लग्न जूनमध्ये, तेव्हा बिअर मेच्या दुसऱ्या शनिवारी चढवायलाच हवी होती. मुलीच्या लग्नातलं माझं हे एकमेव काम.

आधी व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला नळी अंदाजाने वाकवा म्हणत होता. गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. 'अंदाजाने' हा शब्द आला की मी व्हिडिओ बंद करतो. रिकामी नळी वाकवली तर चेपते, म्हणून आत काहीतरी ठासून भरायचं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. बहुतेक जण वाळू भरत होते. लग्नात लोकांच्या पोटात जायच्या वस्तूसाठी वाळू? असल्या गलिच्छपणाची मला चीड आली. नळी पन्नास फूट, बाहेरून साडेनऊ मिलिमीटर, आतून पावणेआठ. म्हणजे आत सातशे वीस मिलिलिटर जागा. काहीतरी कोरडं, बारीक, एकसारख्या दाण्याचं आणि खाण्याच्या लायकीचं हवं होतं. स्वयंपाकघरात रवा होता. बरोबर पाचशे दहा ग्रॅम बसला. नळी ठोकून ठोकून भरली आणि दोन्ही तोंडांना बुचं मारली.

वेढे घालायला बायकोचा तांदळाचा स्टीलचा डबा घेतला. तो काठोकाठ भरलेला, त्यामुळे दबणार नव्हता. व्यास साडेनऊ इंच. स्टील सोडल्यावर थोडं उघडतं, तेव्हा वेटोळं साडेदहाचं होणार हे मी कागदावर काढलं होतं. झालंही तेवढंच. साडेपंधरा वेढे, एकही चेपलेला नाही. दाढीवाल्याने बघायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी रवा काढायचा राहिला होता. गार पाण्यापेक्षा गरम पाण्याने सफाई चांगली होते, म्हणून एका तोंडाला नरसाळं लावलं आणि किटलीभर उकळतं पाणी ओतलं. पाणी थोडं आत गेलं आणि थांबलं. दुसऱ्या तोंडातून काही आलं नाही. मी आणखी एक किटली उकळली.

बायको कामावरून आली, तिने नरसाळ्याकडे पाहिलं, मग रव्याच्या रिकाम्या बरणीकडे.

"फोडणी घातलीत का?" तिने विचारलं.

मी मापं सांगायला लागलो. ती म्हणाली, "तीस वर्षं उपमा खाताय. रव्यावर आधणाचं पाणी घातलं की काय होतं, ते कधी गॅसजवळ येऊन बघितलं असतंत तर?"

मी किटली खाली ठेवली. ती म्हणाली, सकाळी दुकानातून तयार वेटोळं आणा, त्यांना काय कळणार आहे. शनिवारी सकाळी मी दुकानात गेलोही. भिंतीवर सहा टांगलेली होती. एक हातात घेऊन वेढे मोजले. दोन वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे वेगळं. असला माल माझा म्हणून मुलीच्या सासऱ्यापुढे ठेवायचा? ते परत टांगलं आणि तुंबलेलं वेटोळं गाडीत घेऊन निघालो.

मुलगी तिथे आधीच पोचली होती. व्याह्यांच्या गॅरेजमध्ये मी सगळं सरळ सांगितलं. मुलगी कपाळाला हात लावून खाली बसली. व्याह्यांनी वेटोळं फिरवून पाहिलं, नळीच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाले, "पण नळीतून तर नुसतं पाणी जातं. बिअर बाहेर असते. वाळू का नाही घातलीत?"

हे मला माहीत होतं. व्हिडिओ बघतानाही माहीत होतं. पण मुलीच्या लग्नातल्या एकमेव कामात वाळू घालायला मन झालं नव्हतं.

"आत किती गेलाय?" त्यांनी विचारलं.

"पाचशे दहा ग्रॅम."

त्यांनी खिशातून वही काढून ते लिहिलं. हे मला अपेक्षित नव्हतं. मग आम्ही वेटोळं आडवं धरून चाकासारखं फिरवत राहिलो. प्रत्येक फेऱ्याला कोरड्या बाजूने थोडा थोडा रवा घमेल्यात पडत होता. पडायचा थांबला तेव्हा त्यांच्या काट्यावर वजन केलं: चारशे चाळीस. म्हणजे सत्तर ग्रॅम आत, म्हणजे सुमारे सात फुटांचा उपमा.

त्यांनी मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून पासष्ट अंशांच्या पाण्यात भिजवली, ते पाणी गाळून नरसाळ्यातून नळीत सोडलं. "धान्याचा चिकट भाग हे पाणी मोडून पातळ करतं," ते म्हणाले. "दर वेळी पातेल्यात मी हेच करतो. आज नळीत."

दर अर्ध्या तासाला जुनं पाणी ओतून नवं घालत होतो. मुलगी घड्याळ लावून बसली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाचव्या वेळी बागेचा पाइप जोडला. आधी काही नाही, मग दुसऱ्या तोंडातून पांढरट लगदा निघाला, आणि मागून स्वच्छ पाण्याची धार.

संध्याकाळी बिअर चढली. पातेलं तेरा मिनिटांत वीस अंशांवर आलं. तांब्याच्या आखूड वेटोळ्याला बावीस लागायची, हे वहीत होतं. व्याह्यांनी त्या दिवसाच्या पानावर सामान लिहिलं: बार्ली, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट, आणि खाली रवा, पाचशे दहा. मी म्हटलं, तो बिअरमध्ये नाही. ते म्हणाले, खर्च तर झाला.

लग्नात मी अर्धा ग्लास घेतला. कडू होती. व्याही समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. पन्नास फुटांपलीकडूनही मला ते दिसले असते. मी म्हटलं, छान झालीय. आता आम्ही दोघं तसेच उभे होतो, पुढच्या पाहुण्याच्या तोंडाकडे बघत.